कलम चार वगळून

माझा धंदा लिफ्टचा. लिफ्ट बसवायच्या, त्यांची देखभाल करायची, आणि मधेच अडकली की आतल्या माणसाला बाहेरून धीर द्यायचा. पंचवीस वर्षं हेच करतोय आणि माझी सख्खी बहीण चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहते. हे सांगितलं की लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या भाऊजींची आहे. भाऊजी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक. संसदेत मांडायची विधेयकं, मंजूर झालेले कायदे, राजपत्रात निघणाऱ्या अधिसूचना, सगळ्यांची शेवटची प्रुफं त्यांच्या टेबलावरून जातात. छापखान्यात त्यांना वेलांटी म्हणतात, कारण ऱ्हस्वाची दीर्घ झालेली वेलांटी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. माझ्या दुकानाची पाटी रंगवून झाली तेव्हा मी त्यांना हौसेने दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "दुरुस्ती दुरुस्त करून घे. रु ऱ्हस्व आहे." नवीकोरी पाटी. रंगाऱ्याला परत बोलवावं लागलं. औषधाच्या बाटलीवरची चूकसुद्धा आधी पेनाने सुधारतात आणि मग औषध घेतात. असा माणूस घरात असला की चिठ्ठी लिहायचीही चोरी.

त्यांच्या कामाच्या दोन सवयी मला इथे सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक म्हणजे ठिपका. वरून आलेली मूळ प्रत डावीकडे, छापून आलेलं प्रूफ उजवीकडे. मूळ प्रतीतला शब्द प्रुफात नीट उतरला आहे असं बघितलं की मूळ प्रतीतल्या त्या शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा. प्रत्येक शब्दावर एक. त्यांच्या हाताखालून गेलेलं पान बघितलं तर वाटतं, मुंग्यांची रांग गेली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नचिन्ह. मूळ प्रतीतच काही चुकलंय असं वाटलं तर मुद्रितशोधकाने बदलायचं नाही, विचारायचं. समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पान वर पाठवायचं. वरच्यांनी उत्तर दिल्याशिवाय पान पुढे जात नाही.

"एवढं मोठं सरकार," भाऊजी मला एकदा म्हणाले होते, "पण माझ्या प्रश्नचिन्हाला त्यांना उत्तर द्यावंच लागतं." त्यांचा याच गोष्टीवर फार विश्वास होता. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं ऐकून.

आता ताई. ताई बावीस वर्षं टपाल वाटायची. खांद्याला पिशवी अडकवून रोज इतकं चालायची की आम्ही तिच्याबरोबर बाजारात जायला घाबरायचो. त्याच ताईचा पाय आपल्याच इमारतीच्या जिन्यात सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर काठी घेऊन ती आता बरी चालते, पण जिना तिच्या पायांना झेपत नाही. चौथा मजला म्हणजे बहात्तर पायऱ्या. दोनदा मी आणि खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याने तिला खुर्चीत बसवून तपासणीला उतरवलं. दुसऱ्या खेपेला वर आल्यावर ती म्हणाली, "मी पार्सलं पोचवलीत आयुष्यभर. आता पुन्हा मला पार्सल करू नका." त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. डॉक्टरलाच वर यावं लागतं.

जिन्याच्या मधली पोकळी मी मोजली आहे. साडेतीन फूट बाय चार. दोन माणसांची लिफ्ट आरामात बसते. मी फुकटात बसवून द्यायला तयार होतो. घरमालक म्हणाला, "माझ्या इमारतीला भोक पाडू देणार नाही, आणि तसा काही कायदा नाही." दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून मी टेप गुंडाळून परत आलो.

म्हणून जेव्हा संसदेत लिफ्टचं विधेयक आलं तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा राजकारणावर नीट बोलणं झालं. भाऊजींनी प्रूफ वाचून आल्यावर सगळं समजावून सांगितलं. आधी विधेयक मांडतात, मग ते समितीकडे जातं, समिती एकेक कलम तपासते, मग ते पुन्हा सभागृहात येतं, मग दुसऱ्या सभागृहात, मग राष्ट्रप्रमुखांची सही, मग राजपत्र. कलम चारमध्ये लिहिलं होतं की तीन मजल्यांपेक्षा उंच इमारतीत राहणाऱ्या कुणीही अर्ज केला तर मालकाने वर्षाच्या आत लिफ्ट बसवलीच पाहिजे. आणि अगदी पहिल्याच कलमात कायदा लागू व्हायची तारीख होती, पुढल्या वर्षीची एक जुलै. ताईला ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता येईना, कारण पुढल्या वर्षाचं कॅलेंडर आलंच नव्हतं. तिने ती दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिली.

समितीने अठरा महिने घेतले. त्यात एक जुलै आली आणि गेली. समितीचा अहवाल छापायला आला तेव्हा पहिल्या कलमात तीच जुनी तारीख तशीच होती. उलटून गेलेली. भाऊजींनी तिच्यासमोर समासात प्रश्नचिन्ह काढलं. दुसरं काय करणार? ते नसतं काढलं तर ते वेलांटी कसले?

पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. संसदेच्या इमारतीतल्या तीन लिफ्ट माझ्याकडे देखभालीला आहेत, त्या ओळखीवर मी प्रेक्षकांच्या गॅलरीचे दोन पास मिळवले. ताईने आम्हा दोघांना हट्टाने पाठवलं. "माझ्या वतीने बघून या," म्हणाली. अठ्ठावीस वर्षं संसदेचे कागद वाचणारा माणूस संसदेत त्या दिवशी पहिल्यांदा गेला.

निम्मी बाकं रिकामी होती, पण भाषणं चांगली झाली, खोटं कशाला बोलू. विरोधी पक्षाच्या एका बाई आपल्या आईबद्दल बोलल्या तेव्हा मीसुद्धा पुढे सरकून ऐकलं. कुणाचाही विरोध नव्हता. मग मंत्री उठले आणि एका कागदावरून वाचलं की पहिल्या कलमातल्या तारखेऐवजी 'सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिनांकापासून' असा मजकूर घालावा. अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. होय. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. शांतता. होय बहुमतात. तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायला माझ्या लिफ्टला याहून जास्त वेळ लागतो. मग सगळ्यांनी बाकं वाजवली, विरोधकांनीसुद्धा.

मीही खूश होऊन भाऊजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं? मंजूर झालं की."

"तारीख गेली," ते म्हणाले.

"ती आधीच गेली होती ना? तुम्हीच म्हणालात."

"हो. पण तारीख होती."

मला तेव्हा कळलं नाही. कळायला तीन वर्षं लागली. दुसऱ्या सभागृहात मंजूर झालं, सही झाली, राजपत्रात छापलं. कायदा झाला. फक्त तो सुरू व्हायचा होता, आणि तो कधी सुरू व्हायचा ते सरकार नेमील तेव्हा. सरकारने नेमलंच नाही. मंत्री दोनदा बदलले. सभागृहात सहा वेळा प्रश्न विचारला गेला आणि सहा वेळा उत्तर आलं, 'बाब विचाराधीन आहे.' ते उत्तरही भाऊजींच्याच टेबलावरून छापायला गेलं. सहाही वेळा धी दीर्घ आहे ना ते त्यांनी बघितलं.

ताई रोज संध्याकाळी भाऊजींना दार उघडताना विचारायची, "तारीख आली का?"

"नाही. उद्या बघू."

ती एकदा मला म्हणाली, "माझ्या वाटेवर एक म्हातारे होते. रोज फाटकात उभे राहायचे. माझं काही आलंय का विचारायचे. मी म्हणायचे, नाही आजोबा, उद्या बघू. सहा वर्षं मी हेच म्हणत आले. मला वाटायचं, मी किती गोड बोलते."

आमच्या भागाचे खासदार मला एकदा लिफ्टमध्येच सापडले. पहिल्या मजल्यावर जायचं होतं त्यांना, एक मजला. मी दार दुरुस्त करत होतो, त्यांना थांबावं लागलं, तेवढ्यात मी विचारून घेतलं.

"कायदा तर आम्ही केला की," ते म्हणाले. "आमचं काम संपलं. तारीख सरकार नेमतं."

"सरकार कुणाचं आहे साहेब?"

"आमचंच."

"मग?"

"मग काय, संसद वेगळी आणि सरकार वेगळं," असं म्हणून ते जिन्याने गेले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला पाना खाली ठेवून दिला. बरा ठेवला.

पण खरा घोळ मी घातला, आणि त्याची लाज मला अजून वाटते. विधेयकांचे मसुदे करणारे एक साहेब होते, ते लिफ्टमध्ये दोन शब्द बोलायचे. मी त्यांना सहज विचारलं, की ती उलटून गेलेली तारीख तशीच राहिली असती तर काय झालं असतं? ते हसले. "काय व्हायचंय? सही झाली त्या दिवसापासून कायदा लागू. मागच्या तारखेवरून कोर्टात थोडी कुरकुर झाली असती. पण खालून कुणीतरी प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. मग आम्ही आमचं नेहमीचं वाक्य घातलं. तेच सोयीचं असतं."

हे मी गिळून टाकायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. त्याच आठवड्यात बोलता बोलता मी भाऊजींना सांगून टाकलं. ताई आत होती. भाऊजी दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली ती जुनी तारीख बघत राहिले. ताईने ती पुसली नव्हती.

तीन वर्षांनी अधिसूचना आली. भाऊजींच्या निवृत्तीला दोन महिने होते. मला हे सगळं नंतर कळलं, पण क्रमाने सांगतो. मूळ प्रतीत लिहिलं होतं: 'उक्त अधिनियम, कलम ४ वगळून, या अधिसूचनेच्या प्रसिद्धीच्या दिनांकापासून अंमलात येईल.'

कलम चार वगळून. म्हणजे कायद्याचं नाव लागू, व्याख्या लागू, लिफ्ट म्हणजे काय ते लागू, एक सल्लागार समिती लागू. लिफ्ट तेवढी नाही. तीन वर्षं थांबवून तोंडाला पानं पुसली, तीही राजपत्रातून.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजपत्र निघालं आणि मी नेहमीप्रमाणे संसदेच्या दाराशी मिळणारी प्रत उचलली. त्यात लिहिलं होतं: 'उक्त अधिनियम, कलम ४, या अधिसूचनेच्या प्रसिद्धीच्या दिनांकापासून अंमलात येईल.' मी तीनदा वाचलं. मला मूळ प्रतीचं काही माहीत नव्हतं. मी तसाच घरमालकाकडे गेलो आणि त्याच्या टेबलावर कागद ठेवला. त्यानेही तीनदा वाचलं. पहिल्यांदाच त्याने मला बसायला सांगितलं.

"वकिलाला विचारतो," तो म्हणाला. "लागू झालं असेल तर करावं लागेल. मोजमाप आहे का तुमच्याकडे?"

मोजमाप! माझ्या खिशात विधेयकाच्याही आधीपासून होतं.

बहात्तर पायऱ्या मी धावत चढलो. ताईच्या हातात राजपत्र दिलं. तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं, काठी घेतली, दार उघडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि कठड्यावरून वाकून खाली पोकळीत बघितलं. बराच वेळ बघत होती. "इथून येणार होय?" एवढंच म्हणाली. संध्याकाळी भाऊजी आले तेव्हा तिने दार उघडून पहिल्यांदाच काही विचारलं नाही. "आली," म्हणाली. भाऊजी "हो" म्हणाले आणि चपला काढायला खाली वाकले. त्यांना चपला काढायला इतका वेळ लागत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

तो एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला शुद्धिपत्र छापायला आलं. 'कलम ४ या मजकुरानंतर वगळून हा शब्द वाचण्यात यावा.' ज्या सरकारला तीन वर्षं तारीख सापडत नव्हती, त्याला एक शब्द परत घालायला एक दिवस पुरला. मंत्रालय, मसुदा, सही, छापखाना, सगळे जिने एका दमात. तेव्हा मला कळलं की यंत्रणा बिघडलेली नाही. उत्तम चालते. फक्त ती कुणाकडे थांबायचं ते स्वतः ठरवते. शुद्धिपत्राचं प्रूफही भाऊजींनीच वाचलं.

आठवड्याने त्यांना खुलासा मागणारं पत्र आलं. अक्षरजुळणी करणाऱ्याकडून शब्द गळला हे उघड होतं, पण शेवटचं प्रूफ वाचणाऱ्याला तो दिसला कसा नाही? एकतीस वर्षांत असं पहिलं पत्र. सोबत मूळ प्रत आणि प्रूफ, दोन्हींच्या नकला जोडल्या होत्या. रविवारी सकाळी भाऊजी टेबलाशी बसून खुलासा लिहीत होते. ताई शेजारी बसली होती. मी खिडकीची कडी बसवत होतो, कारण त्या घरात मला दुसरं काही बसवायला मिळत नव्हतं.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद ताईपुढे सरकवला. तिला अक्षर लागतं का ते बघायला, असं म्हणाले. तिने मोठ्याने वाचलं. 'सदर चूक नजरचुकीने राहून गेली. त्याबद्दल दिलगीर आहे.'

मग तिने मूळ प्रतीची नक्कल ओढली. टपालात बावीस वर्षं लोकांची अक्षरं लावलेले डोळे आहेत तिचे. तिने चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि एका जागी बोट ठेवलं.

"अहो, वगळूनवर ठिपका आहे."

भाऊजींनी चष्मा पुसायला घेतला.

"तुमचा ठिपका म्हणजे शब्द बघितला आणि तिकडे नीट उतरलाय. असंच ना?"

"असंच."

"पण तिकडे तर नाहीये."

"नाहीये," भाऊजी म्हणाले.

मी कडी सोडून त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्या माणसाने माझी नवी पाटी पुन्हा रंगवायला लावली, त्याने एका शब्दाची जागा रिकामी बघितली होती आणि डोक्यावर ठिपका देऊन पान पुढे सारलं होतं. कागदावरचा एवढा बारीक ठिपका, पण त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं होतं. मला एकदम रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येईना.

"त्या प्रश्नचिन्हाचं मला माहीत आहे," ताई म्हणाली. "हा बाहेर बोलत होता तेव्हा मी ऐकलं होतं."

"मग बोलली नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही बरोबर विचारलं होतंत."

भाऊजींनी डोळ्यांवरून हात फिरवला. "खुलाशात काय लिहू मग? चौथ्या मजल्यावर बायको आहे म्हणून? ते कुठल्याच कलमात बसत नाही."

ताईने त्यांची पेन्सिल उचलली. मला वाटलं, ती खोडणार. पण तिने कशालाच हात लावला नाही. 'नजरचुकीने' या शब्दासमोर, समासात, एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"हे काय?"

"बदललं नाही," ती म्हणाली. "विचारलंय."

भाऊजी त्या चिन्हाकडे बघत बसले. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं, त्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत आला. मग त्यांनी 'नजरचुकीने' खोडलं आणि वर लिहिलं, 'जाणूनबुजून'. पूर्ण ओळ पुन्हा वाचली. सदर चूक जाणूनबुजून राहून गेली.

"वाक्य होत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. 'राहून गेली' खोडलं. 'मी राहू दिली' असं लिहिलं. सदर चूक मी जाणूनबुजून राहू दिली. आता व्याकरणाने काही अडत नव्हतं. पुढे दिलगीर असल्याचं वाक्य होतं, त्यावर पेन्सिल थोडा वेळ थांबली आणि मग त्यांनी तेही पूर्ण खोडून टाकलं.

मी म्हणालो, "भाऊजी, दोन महिने राहिलेत. नजरचूक लिहिलं असतं तर सुटला असता."

त्यांनी कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात सगळं उतरवून काढलं, खाली सही केली आणि ताईला दिलं. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं, एकेक शब्द, ओठ हलवत.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

भाऊजींनी कागद परत घेतला आणि उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली.